श्वासासकट गाणं

बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्रपालीचा स्टुडिओ आहे. म्हणजे काय, तर गाद्यांचं कपाट रिकामं केलंय, दारावर गोधड्या टांगल्यात आणि मध्ये तिचा माइक उभा आहे. लेक रेकॉर्डिंगला बसली की पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर बंद आणि मुख्य म्हणजे मी बंद. मागे कुठली कंपनी नाही की काही नाही. गाणं लिहायचं हिनेच, गायचं हिनेच, नेटवर टाकायचं हिनेच. मी म्हणते, टाळ्याही तूच वाजव.

पण या खेपेला गाणं तिच्या बाबांचं होतं. आमचे हे टपाल खात्यात होते. ऑफिस सुटलं की गायन पार्टीत गायचे. जयंतीच्या दिवसांत तर घरी फक्त कपडे बदलायला यायचे. त्यांनी स्वतः रचलेलं, आईवरचं एक गाणं वस्तीत पुष्कळांना पाठ होतं, पण ते कधी कुणी टेप केलं नाही. आता त्यांची फुप्फुसं आखडत चाललीत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गायचं असेल ते लवकर गाऊन घ्या. आम्रपालीने त्याच आठवड्यात बाबांना कपाटासमोर बसवलं.

ते गायले. थांबत, धापा टाकत, पण अख्खं गायले. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. रडू आलं, आणि तेही आवाज न करता रडायचं.

मग लेक कॉम्प्युटरपुढे बसली ती उठेचना. खोकला काढला, धाप काढली, घशातली घरघर काढली, मधल्या रिकाम्या जागा जोडून टाकल्या. कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. हे सगळं होईतो महिना गेला. शेवटी मोठ्या कौतुकाने तिने बाबांच्या कानाला हेडफोन लावला.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "छान झालंय गं," म्हणाले आणि हेडफोन काढून बाजूला ठेवला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. दुसराच कुणी गातोय असं वाटलं."

मीही ऐकून बघितलं. आवाज त्यांचाच होता, पण गाणारा माणूस श्वासच घेत नव्हता. जन्मभर ज्यांच्या शेजारी झोपले, त्यांचा श्वास मला कळणार नाही होय?

"मळ काढ म्हटलं, तर कातडं सोललंस की गं!" मी म्हणाले.

"आई, प्लीज!" ती रडायलाच लागली. "ओरिजिनल नाहीये आता. डिलीट केलंय मी."

ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. चांगलं करायलाच गेली होती पोर.

हेच म्हणाले, "रडतेस कशाला? परत गातो. आहे अजून थोडा दम."

परत बसले. पण त्या महिन्याभरात तब्येत फार उतरली होती. दोन ओळी कशाबशा झाल्या. तिसरीला छातीच भरेना. आम्रपाली रेकॉर्डिंग थांबवायला पुढे झाली, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. आता थांबलो तर हे गाणं पुन्हा होणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मला ते बघवेना. तिसरी ओळ मीच म्हणायला लागले. मी काही गाणारी नव्हे. पोळ्या लाटताना ऐकून ऐकून शब्द तेवढे तोंडी बसलेले. सूर कुठल्या कुठे गेला होता. आम्रपाली माझ्याकडे बघतच राहिली, पण तिने थांबवलं नाही. हेही बघत होते. तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. ओळ संपत आली तरी त्यांना गाता येईना, म्हणून मी शेवटचा शब्द लांबवला, आणखी लांबवला, त्यांची छाती भरेपर्यंत.

मग चौथी ओळ त्यांनी घेतली.