ललिताबाईंच्या डिझेलचं टिपाड

मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. दोनशे लिटरचा, अंगावर दोन जाड वळ्या असलेला आणि एका बाजूला चांगलाच पोचा आलेला. कारखान्यात मला ड्रम म्हणत, पण वडगाव रासाईच्या आमच्या वस्तीवर सगळे मला टिपाडच म्हणतात. मित्रांनो, ट्रॅक्टर दिसला की तुम्ही त्याच्या मोठ्या चाकांकडे बघत राहता. माझ्याकडे कोण बघतो? पण माझ्या पोटातलं डिझेल गेल्याशिवाय तो पठ्ठ्या जागचा हलत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पत्रा वाकवून, सांधा जोडून, वर-खाली झाकणं बसवून मला घडवलं. सुरुवातीला मी एका कारखान्यात गिअरचं ऑइल घेऊन आलो. ऑइल संपलं आणि माझी किंमतही संपली. दोन वर्षं मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून उन्हात पडलो होतो. पुढे भंगारवाल्यानं मला तळेगाव ढमढेऱ्याला नेलं. तिथं एका रविवारी मच्छिंद्र आला. तो कंपनीत पाळीवर जायचा आणि त्यानं नुकताच एक वापरलेला ट्रॅक्टर घेतला होता. त्यानं माझ्यावर चार टोले मारून पाहिले, आत मोबाइलची बॅटरी मारून डोकावला आणि म्हणाला, "गळत न्हाई. चालंल."

ट्रॅक्टर घेतला मच्छिंद्रनं, पण चालवायची त्याची बायको ललिता. वस्तीपासून पंप लांब, म्हणून महिन्याचं डिझेल माझ्यातच असायचं. ललितानं मला पत्र्याच्या छपराखाली, दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवलं. फिरकीचा हातपंप बसवला आणि त्याची नळी तळापासून चार बोटं वर राहील अशी कापून घेतली, कारण घाण आणि पाणी तळाशी बसतं. टाकी भरण्याआधी ती पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायची आणि उजेडात धरून बघायची. माझ्या आसपास कुणी बिडी पेटवली, तर त्याची खैर नसायची. मग मी का नाही फुगणार? आजूबाजूच्या वस्त्यांत आमच्या ट्रॅक्टरचा फिल्टर सगळ्यांत कमी बदलायला लागायचा!

आता त्या चौदा एप्रिलची गोष्ट सांगतो.

गावात बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघायची. तसबिरीची ट्रॉली दरवर्षी आमचाच ट्रॅक्टर ओढायचा, पण स्टेअरिंगवर मच्छिंद्र असायचा. या वर्षी ललिता म्हणाली, "वर्सभर रानात मी चालवते, मग मिरवणुकीत बी मीच चालवनार." जयंती कमिटीचा अध्यक्ष महेंद्र लगेच हो म्हणाला नाही. गर्दीत गाडी बंद पडली तर गावभर हसू होईल, म्हणाला. शेवटी मच्छिंद्रनंच भीड घातली, तेव्हा कुठे तो तयार झाला. त्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडला असता, तर लोकांनी डिझेलला नाही, बाईला नावं ठेवली असती. तिला ते ठाऊक होतं आणि मलाही.

आदल्या दुपारी ऊन असं तापलं की माझं पोट आवाज करून फुगलं. ललिताची सासू सारजाबाई अंगणात होत्या. त्यांनी माझं वरचं झाकण जरा सैल करून वाफ जाऊ दिली, आणि ते बरोबरच केलं. पण तेवढ्यात शेजारणीनं हाक मारली. झाकण आवळायचं राहून गेलं.

जयंतीच्या सकाळी सारजाबाईंनी पांढरं लुगडं नेसायच्या आधी सगळं अंगण धुऊन काढलं. ट्रॅक्टर धुतला, ट्रॉली धुतली आणि मग पाइप माझ्याकडे वळवला. "तू तरी कशाला मळका ऱ्हातोस?" म्हणाल्या. एवढ्या मायेनं मला कुणी कधी धुतलं नव्हतं. पण माझ्या डोक्यावर पाण्याचं तळं साचलं आणि सैल झाकणाच्या फटीतून पाणी आत उतरायला लागलं. थंडगार धार थेट तळाला गेली. मी ओरडलो असतो, पण ड्रमला कुठला आवाज? त्यातच ट्रॉली सजवायला जागा हवी म्हणून मच्छिंद्र आणि महेंद्रनं मला जरा तिरकं करून, तळाच्या काठावर फिरवत लिंबाखाली नेलं. आतलं पाणी आणि डिझेल घुसळून निघालं.

एक वाजता ललिता आली. पांढऱ्या साडीवर तिनं मच्छिंद्रचा जुना शर्ट चढवला होता. ट्रॅक्टरचा काटा तळाला टेकलेला. मिरवणूक चारला. तिनं पंप फिरवला, बाटली उजेडात धरली आणि तिचा हात थांबला.

"धुरकट दिसतंय," ती म्हणाली.

"हलवलंय म्हून आसंल," मच्छिंद्र म्हणाला. "वत, उशीर होतोय."

"आन् पंपावर बी आज डिझेल न्हाई," महेंद्र म्हणाला. "टँकर सांजच्याला येनार हाय. आसंल तेच टाका की वैनी, कापडातून गाळून!"

ललितानं बाटली पुन्हा उजेडात धरली. सगळे तिच्याकडे बघत होते, पण मी सारजाबाईंकडे बघत होतो. त्या दारात उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. दोष डिझेलवर गेला असता, नाहीतर माझ्यावर. जुना ड्रम, त्याला कोण विचारतो? मला मनातून फार भीती वाटली, मित्रांनो.

सारजाबाई पुढं आल्या.

"पानी ग्येलंय त्यात," त्या म्हणाल्या. "काल झाकन म्याच ढिलं केलं हुतं. आन् सकाळच्याला म्याच धुतलं."

महेंद्र म्हणाला, "म्हंजी झालं आता! वैनी, मी पोपटरावांचा ट्रॅक्टर सांगतो. चारला निघायचं म्हंजी निघायचं."

ललिता घरात गेली. तिचे वडील गवंडी होते. त्यांची भिंतीची पातळी बघायची पारदर्शक नळी तिनं जपून ठेवली होती. ती नळी तिनं माझ्या तळापर्यंत सोडली, वरचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि नळी वर काढली. खाली बोटभर पाणी स्वच्छ दिसत होतं आणि त्यावर धुरकट डिझेल.

"निवळंल हे," ती म्हणाली. "पन हात लावायचा न्हाई. साडेचारला तळाचं पानी काढीन, मग वरचं डिझेल गाळून भरीन. पाचला वेशीत येते."

"आन् तवर मानसं काय करतील?"

"लेझीम खेळतील. महेंद्रभाऊ, चारला निघून पंचायतीफुडं बंद पडलेलं बरं, का पाचला निघून शेवटपर्यंत चाललेलं बरं?"

महेंद्रनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. "पाच म्हंजी पाच," म्हणाला आणि निघून गेला.

तीन तास माझ्याजवळून कुणी जोरात चाललंसुद्धा नाही. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. हळूहळू एकेक थेंब खाली बसत गेला. साडेचारला ललितानं नळीनं तळाचं पाणी डब्यात काढलं, नळीत डिझेल येईपर्यंत. मग पंप फिरवून दोन पदरी कापडातून टाकी भरली. बाटलीतलं डिझेल आता पिवळं आणि नितळ होतं. शर्ट काढून तिनं दोरीवर टाकला, स्टेअरिंगवर बसली आणि ट्रॅक्टर पहिल्या दमात सुरू झाला.

सारजाबाई गेल्या नाहीत. माझ्याशेजारी लिंबाच्या बुंध्याशी बसून राहिल्या. "कुटल्या तोंडानं जाऊ?" एवढंच पुटपुटल्या. आम्ही दोघं कान देऊन होतो. इंजिनाचा आवाज वेशीत गेला, पंचायतीपुढून गेला, वरच्या आळीला वळला. एकदाही अडखळला नाही. मग तो आवाज आमच्याकडेच यायला लागला. मिरवणुकीची वाट वस्तीवरून कधीच जात नव्हती. पण निळे झेंडे, लेझीम, पोरंबाळं, सगळं आमच्या दारात येऊन थांबलं.

"आत्या, चढा वर," ललिता सासूला म्हणाली.

"माज्यामुळं उशीर झाला गं."

"उशीर झाला. बंद न्हाई पडला. तुमी गप बसला असता, तर पडला असता."

महेंद्रनं स्वतः हात देऊन त्यांना ट्रॉलीत घेतलं आणि सगळ्यांत आधी "जय भीम" तोच ओरडला.

तर मित्रांनो, डिझेलच्या ड्रमाशी खेळू नका आणि त्याच्याजवळ काडी ओढू नका. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर मोठ्यांना सांगा की त्याला सावली द्या, तळाची घाण ढवळू नका, झाकण आवळा. आणि आवळायचं राहून गेलंच, तर वेळेत बोला. मला त्या दिवशी सगळं कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. सारजाबाईंना येत होतं, आणि त्या बोलल्या.