पाइपातला चिरूट

मेहरुनची बिर्याणी एकदा दमाला लागली की ती चुलीपाशी थांबायचीच नाही. मागच्या पडवीत हंडा ठेवायचा, झाकणाभोवती कणीक लिंपायची, वर निखारे घालायचे आणि पुढच्या खोलीत येऊन लसूण सोलत बसायचं. बोलता बोलता ती मधेच मान वर करायची आणि म्हणायची, "झाली." झाकण उघडून बघणं नाही की घड्याळ नाही. भिंतीपलीकडून वास यायचा आणि तिला कळायचं. लोणावळ्यात भाड्यानं दिल्या जाणाऱ्या बंगल्यांवर शनिवारी पाहुणे उतरले की बरेचसे हंडे तिच्याच घरून जायचे.

तिचा नवरा सरदार मूळचा कुरवंड्याचा. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याच्या दांड्या लेथवर कातण्यात त्याची हयात गेली. तरुणपणी एका बंगलेवाल्यानं आपला चिरलेला पाइप त्याच्याकडे आणून दिला होता, असाच दुसरा करून दे म्हणून. सरदारनं बोरीच्या बुंध्यातली एक घट्ट गाठ शोधली आणि हुबेहूब तसा पाइप कातला. हात बसलाच होता, म्हणून आणखी एक कातला, तो स्वतःला. तेव्हापासून संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून पाइप ओढणं हा त्याचा नेम. मेहरुन त्यावरून संसारभर कुरकुरली. "शर्टाला वास, उशीला वास. दारात आलात की मला न बघताच कळतं, आले म्हणून," असं ती म्हणायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मेहरुनला ताप आला. दवाखान्यात ठेवावं लागलं नाही, घरातच निभावलं. ताप उतरला, खोकला गेला, अंगात बळही आलं. पण गेलेला वास काही परत आला नाही. मीठ कळायचं, तिखट कळायचं, आंबट कळायचं. बाकी सगळं जेवण ओल्या कागदासारखं. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सून रुमाईसा दिवसभर तिच्या बरोबरीनं स्वयंपाकघरात राबायची, तिलाही नाही.

सरदारला ते कळलं एका सकाळी. तो बाहेरून आला तर घरभर करपल्याचा वास. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन जळत होतं आणि मेहरुन शेगडीकडे पाठ करून शांतपणे तांदूळ निवडत होती.

"अगं, दूध!"

तिनं दचकून गॅस बंद केला आणि काळं झालेलं पातेलं उचलून मोरीत नेलं.

"तुला वास न्हाई आला?" सरदारनं विचारलं.

ती पातेलं घासत राहिली. मग तोंड न वळवता म्हणाली, "येत न्हाई. कशाचाच न्हाई. लय दिवस झाले."

"मग एवढे हंडे केलेस कसे?"

"अंदाजानं. आन भीत भीत."

सरदार तिच्याशेजारी खाली बसला.  म्हणाला, "माझं नाक हाय की घरात. ते वापर."

पुढचा हंडा दमाला लागला तेव्हा तो राखणदारासारखा त्याच्यापाशी उभा राहिला. मेहरुन दर थोड्या वेळानं विचारायची आणि तो म्हणायचा, "अजून थांब." तो थांब म्हणत राहिला आणि तळ लागला. रुमाईसानं वरची बिर्याणी हलक्या हातानं दुसऱ्या हंड्यात काढली, कशीबशी वेळ निभावली. मेहरुन त्याला एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी सरदारनं पाइप साफ केला, फडक्यात गुंडाळला आणि हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला. उरलेल्या तंबाखूची पुडी टाकव्याच्या बजरंगला, जुन्या दोस्ताला, देऊन टाकली. इतकी वर्षं धुरानं भरलेलं नाक आपल्या बायकोच्या काय कामाचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पहिले काही दिवस तो उगाच चिडचिड करायचा, बडीशेप चघळायचा, रुमाईसानं ठेवलेल्या वस्तू हलवायचा. हळूहळू नाक मोकळं झालं. कोथिंबिरीला इतका वास असतो हे त्याला म्हातारपणी कळलं.

मग दोघांचं काम जमलं. फक्त सरदारकडे स्वयंपाकातले शब्द नव्हते. तो हंड्यावर वाकून म्हणायचा, "आत्ता ओला भुसा येतोय... आता सागाचा ताजा ढलपा... थांब, आता पॉलिश मारलेल्या लाकडासारखं, गोडसर. काढ, काढ!" सुरुवातीला मेहरुन कपाळावर हात मारायची. पण तिला ते समजायला लागलं. भुसा म्हणजे तांदूळ अजून कच्चा, ढलपा म्हणजे मसाला सुटला, पॉलिश म्हणजे हंडा उतरवायचा. रुमाईसा तोंडाला ओढणी लावून हसायची. बिर्याणी पूर्वीसारखी व्हायला लागली आणि बंगल्यांवरच्या पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही.

असं वर्षाच्या वर चाललं. तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "येईलही वास, नाहीही येणार. रोज ओळखीच्या वस्तू नाकाशी धरा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करा." मेहरुन रोज सकाळी लवंग, लिंबू, वेलची नाकाशी धरून डोळे मिटायची. काही होत नव्हतं.

एका संध्याकाळी पायरीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "डाक्टर ओळखीचा वास म्हणाले व्हते. लवंगेपेक्षा मला तुमच्या पाइपाची ओळख जास्त. तो का बंद केलात?"

"तुला कवापास्नं ठावं?"

"नाक गेलंय, डोळे न्हाई गेले."

 ती पुढे म्हणाली, "तुमी घरात आलात तरी मला कळत न्हाई. मागं वळून बघते तर तुमी उभे. दर बारीला दचकते. ओढा की एकदा. बघू तरी."

तंबाखू तर घरात नव्हता. पण दोन दिवसांत आपसूक सोय झाली. बंगल्यांची देखभाल बघणारा आदिनाथ रिकामा हंडा परत द्यायला आला आणि त्यानं सरदारच्या हातात दोन जाडजूड चिरूट ठेवले. "चाचा, पाहुणे बिर्याणीवर एकदम खूश. स्वयंपाकवाल्याला द्या म्हणाले. आता चाची थोडीच ओढणार? तुम्हीच घ्या."

सरदारनं एक चिरूट पेटवून बघितला. पण नवी कवळी तो जाड बुंधा धरेना. चिरूट एकीकडे, कवळी दुसरीकडे. मेहरुन हसून हसून बेजार झाली. शेवटी त्यानं तो विझवला, पेटीतून पाइप काढला आणि दुसरा, कोरा चिरूट पाटावर घेतला. पटाशीनं त्याचे पातळ काप केले, ते बोटांनी सुटे केले. पानं अजून ओलसर होती, म्हणून मेहरुननं कोमट तव्यावर पसरून जरा कोरडी करून दिली. सरदारनं ती पाइपात सैलसर भरली आणि काडी ओढली.

धूर जाड आला, निळा. त्याच्या नेहमीच्या गोडसर तंबाखूचा आणि याचा काही संबंध नव्हता. पूर्वीच्या सवयीनं त्यानं भराभर झुरके घेतले आणि त्याचं डोकं गरगरलं. मग उचकी लागली, ती थांबेचना.

"सावकाश! कुणी पळवून नेतंय का?" मेहरुननं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मारकुटा बैल हाय हा," तो उचकीतून म्हणाला. "येतंय का काही?"

तिनं धुराकडे तोंड नेलं, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. बराच वेळ तशीच बसली. मग मान हलवली. "न्हाई."

सरदारनं पाइप झटकून ठेवला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार दाढी करत असताना मोरीतून मेहरुनची हाक आली. तो तोंडाला फेस लागलेला असतानाच धावला. ती धुण्याच्या ढिगापाशी बसली होती आणि त्याचा कालचा शर्ट तिनं दोन्ही हातांनी तोंडाशी धरला होता.

"किती घाण!" ती म्हणाली. "जळक्या गुळागत, कडू. शी! किती घाण वास मारताय तुमी!" आणि तिला रडू फुटलं.

सरदारला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो तसाच ओल्या मोरीत खाली बसला. तिनं शर्ट त्याच्या नाकाशी धरला. "बघा, येतोय ना? मला भास न्हाई ना?"

"येतोय," तो म्हणाला. "लय घाण येतोय."

आवाज ऐकून रुमाईसा धावत आली. अब्बांच्या गालाला फेस, अम्मींच्या डोळ्यांना पाणी, आणि दोघंही एका मळक्या शर्टाचा वास घेतायत. "अम्मी, झालं काय?" ती घाबरून विचारत होती आणि कुणीच तिला धड उत्तर देत नव्हतं.

बाकीचे वास लगेच आले नाहीत, आणि आले ते वेडेवाकडे. काही आठवडे लसणाला रॉकेलचा वास यायचा, कांदा परतला की तिला मळमळायचं. सरदार रोज संध्याकाळी अर्धा पाइप चिरूट भरायचा आणि आता जपून, मधे मधे थांबत ओढायचा. वासाचा दोर पुन्हा तुटू नये म्हणून, असं तो म्हणायचा. खरं तर त्यालाही ते आवडायला लागलं होतं. दोन्ही चिरूट संपले तेव्हा मेहरुननं सांगितलं, "आता पुरे. माझं नाक आलं, तुमची छाती जायला नको." त्यानं ऐकलं.

हिवाळ्यात टाकव्याला एका लग्नाचं मोठं काम आलं. मांडवामागं चुली पेटल्या, हंडे चढले, झाकणं लिंपली. सरदार सवयीनं जाऊन पहिल्या हंड्यापाशी उभा राहिला. मेहरुन लांब बाजेवर बसून पुदिना निवडत होती. तो वाकून वास घेणार एवढ्यात ती तिथूनच म्हणाली, "झाली. उतरवा."

पोरांनी हंडा उतरवला. सरदार बाजूला झाला. त्याला आनंद झाला होता, आणि हात रिकामे झाल्यासारखंही वाटत होतं. तो हळूहळू चालत बाजेपाशी आला.

"मग आता माझं काय काम हितं?" त्यानं विचारलं.

मेहरुननं पुदिन्याची पाटी सरकवून जागा केली. "बसा," ती म्हणाली. "दुसरा हंडा हाय अजून. मला काय येतंय ते मी सांगते, तुमाला काय येतंय ते तुमी सांगा."

तो बसला आणि तिच्या पाटीतली एक जुडी त्यानं निवडायला घेतली.