अर्ध्या वेगाची टेप

“थांबा, परत वाजवतो,” क्लाइव्ह म्हणाला.

“चौथ्यांदा? अरे बाबा, चहा पार गार झाला तुझा,” मॉरीन म्हणाली.

क्लाइव्ह गार्बेट इंग्लंडमधल्या डडली गावात लोकांचे बॉयलर दुरुस्त करायचा. मंगळवारी मॉरीनचा बॉयलर उघडून बसला असताना बोलता बोलता कळलं, की ही ऐंशीची म्हातारी तरुणपणी एका स्टुडिओत टेप मशीन सांभाळायची आणि क्लाइव्ह वर्षानुवर्षं ज्या रेकॉर्डच्या मागे लागला होता, ती तिच्याच मशीनवर झाली होती. ती रेकॉर्ड! तिच्यातल्या सोळा सेकंदांच्या गिटार सोलोनं क्लाइव्हच्या आयुष्याची वाट लावली होती. शनिवारी सकाळी तो गिटार घेऊन तिच्या दारात हजर.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. शेवटच्या वेगवान तुकड्यावर करंगळी अडखळली. एकतीस वर्षं ती तिथंच अडखळत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“रेकॉर्डवरच्या त्या गिटारवाल्याला बोटं होती की काय होतं हो?”

“तुझ्यासारखीच होती. त्यालाही नाही जमलं.” मॉरीननं बिस्कीट चहात बुडवलं. “दिवसभर शिव्या घालत बसला. शेवटी मी मशीन अर्ध्या वेगावर टाकलं. त्यानं निवांत, हळूहळू वाजवलं, खालच्या सुरात. मग टेप नेहमीच्या वेगानं फिरवली. सूर वर चढले, बोटं दुप्पट पळायला लागली! स्टेजवर तो तुकडा त्यानं कधीच वाजवला नाही. तिथं आला की ड्रमवाल्याला पुढं करायचा.”

“म्हणजे हे माणसाला वाजवताच येत नाही?”

“नाही ना. आम्हाला वाटलं, ऐकणाऱ्याला कळेलच.”

कळलं होतं एकालाच. क्लाइव्हच्या धाकट्या भावाला, रे याला. दोघांच्या बँडमध्ये सोलो रे वाजवायचा. शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरातल्या बँडच्या स्पर्धेआधी तो वैतागून म्हणाला होता, “क्लाइव्ह, हे कुणाच्या बापाला जमायचं नाही. यात काहीतरी गोम आहे.” आणि क्लाइव्हनं सगळ्यांदेखत त्याला सुनावलं होतं, “नाचता येईना, अंगण वाकडं! चालता हो.” स्पर्धेत सोलो मग क्लाइव्हनं स्वतः वाजवला आणि तोंडावर आपटला. रेनं त्यानंतर गिटारला हात लावला नाही. नाताळात दोघं एका टेबलावर जेवायचे, पण हा विषय कधी निघाला नाही.

मॉरीनकडून क्लाइव्ह गिटार घेऊन तडक रेकडे गेला. रे आपल्या भाजीच्या वाफ्यात लीकची कांद्यासारखी रोपं उपटत होता. क्लाइव्हनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लाजेनं त्याला मान वर करवत नव्हती.

“तुझंच खरं होतं, रे. चुकलं माझं.”

रेनं हातावरची माती झटकली.

“म्हणजे अंगणच वाकडं होतं म्हण की,” तो हसला. मग हळूच म्हणाला, “मला आपलं वाटायचं, माझ्यातच खोट आहे.”

“वाजव ना आता. हळू वाजव, त्यानं वाजवलं तसं.”

रेनं लाकडी खोक्यावर बसून गिटार मांडीवर घेतली. सुरुवात त्याच्या बोटांना अजून पाठ होती. पाच-सहा सूर अगदी स्वच्छ आले, आणि त्यानं झटकन हात मागे घेतला.

“काय झालं?”

“तार रुतते रे. विसरलोच होतो.”

क्लाइव्हनं त्याचा हात हातात घेतला. त्याच्या स्वतःच्या बोटांच्या टोकांना एकतीस वर्षांचे घट्टे होते. रेची टोकं मऊ होती, आणि त्यांवर तारेची लाल रेघ उमटली होती.