मंगळवारची गाडी

मी एक जुनी दवाखान्याची गाडी आहे आणि मित्रांनो, माझा स्वभाव अजिबात क्षमाशील नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवणार नाही.

खरे तर माझा जन्म माल वाहण्यासाठी झाला होता. पण कारखान्यातून बाहेर पडताच माझ्या पोटात एक अरुंद बाक, औषधांचे कपाट आणि लसींचा छोटा फ्रिज बसवण्यात आला. ड्रायव्हरकाका आणि नर्सताई माझ्याबरोबर आले. दर मंगळवारी आम्ही दगडखाणीच्या वस्तीवर जायचो. तिथून सरकारी दवाखाना गाठायचा म्हणजे दोन बस बदलायच्या आणि कामाचा खाडा करायचा, म्हणून लोक दुखणे अंगावर काढत. मी जाऊ लागले आणि बाळांना वेळेवर लस मिळू लागली, पोटुशा बायकांची तपासणी होऊ लागली. वळणावर काका तीनदा हॉर्न वाजवत, की बायका हातातले काम टाकून आपापले कार्ड घेऊन रांगेत.

रांगेत सगळ्यांत पुढे एक आजी असायची. खडी फोडून फोडून तिचे गुडघे गेले होते आणि रक्तदाब इतका चढलेला, की पहिल्या दिवशी ताईंनी यंत्र दोनदा लावून पाहिले. रोजच्या एका गोळीने तो ताळ्यावर आला. आजी माझ्या दारावर हात फिरवत म्हणायची, "ही माझी लेक गं. दर आठवड्याला येते. सख्खी वर्षातून एकदा येते, तीही भांडायला!"

मग नवे साहेब आले. त्यांनी मला नवा रंग दिला आणि रंग वाळताच फर्मान काढले, "ही खाणीवर न्यायची नाही. धुळीने वाट लागते. पाहुणे आले की गाडी कशी झकास दिसली पाहिजे!" झाले. मी ऑफिसच्या दारात कापडाखाली उभी. ताईंनी विरोध केला, तेव्हा त्यांना बदलीची धमकी मिळाली. दर मंगळवारी साहेब खुर्चीत बसून पेशंटची वही स्वतःच भरत. तीच माणसे, तेच आकडे, थोडे इकडे तिकडे केलेले. पाहुणे यायचे, माझ्याशेजारी फोटो काढायचे, "काय चकाचक ठेवलीय!" म्हणायचे आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

दुसऱ्या महिन्यात आजीच्या गोळ्या संपल्या. तरी ती दर मंगळवारी वळणावर येऊन बसायची. तिसऱ्या महिन्यात ती तिथेच कोसळली, अर्धे अंग लुळे पडले आणि दोन दिवसांत गेली. काकांनी ही बातमी आणली तेव्हा ते माझ्या चाकाला टेकून रडले. मला रडता येत नाही. मी ठरवले, या माणसाला सोडायचे नाही.

पण उभी गाडी करणार काय? संधी साहेबांनीच दिली. वस्तीत कधी पाऊल टाकले असते तर त्यांना आजी गेल्याचे कळले असते. ते मात्र वहीत तिचा रक्तदाब दर मंगळवारी आणखी सुधारत राहिले. सातव्या महिन्यात तपासणीला एक मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. साहेबांनी ऐटीत आजीचेच पान उघडले.

"हे बघा मॅडम, आमची सगळ्यांत गुणी पेशंट."

बाईंनी चष्मा सारखा केला. "ऐंशीव्या वर्षी इतका सुंदर रक्तदाब? अहो, माझासुद्धा नाही! चला, भेटूनच येऊ त्यांना."

साहेबांचे तोंड उतरले. "मॅडम, गाडीची बॅटरी उतरलीय. सुरूच होत नाही."

त्यांच्या तोंडून निघालेली ही पहिली खरी गोष्ट. माझ्यात जेमतेम धुगधुगी उरली होती. तरीही काकांनी किल्ली फिरवताच होता नव्हता तो सगळा जोर मी एकवटला आणि पहिल्याच झटक्यात सुरू झाले. इतकी खूश मी आयुष्यात झाले नव्हते.

ताई, बाई आणि वहीसकट साहेब माझ्यात बसले. वळणावर काकांनी तीन हॉर्न दिले. माणसे धावत आली. त्यांच्या कार्डांवर सात महिन्यांचे रकाने कोरे होते. बाईंनी आजीची चौकशी केली, तेव्हा तिची सून पुढे आली.

"सासूबाईंना जाऊन चार महिने झाले, बाई. इथेच बसायच्या, तुमच्या गाडीची वाट बघत."

बाईंनी वहीतले आजीचे पान उघडून साहेबांपुढे धरले. साहेब घामाघूम झाले आणि माझ्या पायरीवर मटकन बसले. ताईंनी त्यांना बाकावर आडवे केले, दंडाला पट्टा बांधला आणि वहीत लिहिले: एकशे नव्वद, एकशे दहा. सात महिन्यांतला तो पहिला खरा आकडा. मग त्यांनी कपाटातली गोळी काढली. देऊ नका, ताई, देऊ नका, असे मी आतल्या आत ओरडत होते. काकांची नजरही तेच सांगत होती.

"माझ्याकडे बघू नका, काका," ताई म्हणाल्या. "गाडीत चढला तो पेशंट. बाकीचं नंतर."

साहेबांची नोकरी गेली. मी पुन्हा खाणीवर जाते आणि माझा नवा रंग पार उडालाय. मित्रांनो, तुमच्याकडे अशी एखादी गाडी चकचकीत उभी दिसली, तर टाळ्या वाजवू नका. तिच्या चाकांना चिखल आहे का बघा आणि नसेल तर जाब विचारा. आजीला वळणावरून उचलून न्यावे लागले. साहेब त्या दिवशी गोळी घेऊन आपल्या पायांनी घरी गेले. ते मी अजून विसरलेले नाही.