कोपरा फाटलेलं कार्ड

“हे अक्षर तुहं होये का नाई, एवढंच सांग मले.”

आई गोठ्यातून आली होती. केसांत कडब्याची काडी आणि हातात एक पोस्टकार्ड, तेही विंचू धरावा तसं चिमटीत. मी अंगणात भांडी घासत बसले होते. राखेचे हात तसेच ठेवून मी वाकून पाहिलं. पत्ता होता, ‘कु. नलिनी रूपराव भोयर’, आणि अक्षर माझंच होतं.

“माहंच आहे. कुठी सापडलं तुले?”

आई मटकन ओट्यावर बसली आणि रडायलाच लागली. “म्हंजे तानबा जित्ता आहे! माहा भाऊ जित्ता आहे वं!”

तिला भाऊ परत मिळाला आणि मी मात्र भांडं टाकून तिच्या चिमटीतलं कार्ड ओढून घेतलं, कारण ते कसलं असणार ते मला कळलं होतं.

गोष्ट एकोणऐंशी सालची. मी समुद्रपूरहून बारावी झाले होते आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.साठी अर्ज टाकला होता. तेव्हा पद्धत अशी होती की, अर्जासोबत आपलाच पत्ता आपल्याच हातानं लिहिलेलं एक कोरं कार्ड जोडायचं. नंबर लागला की कॉलेजवाले मागच्या बाजूला तारीख घालून तेच कार्ड टपालात टाकत. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. कुणीतरी जागा सोडली तरच माझा नंबर, आणि तो कळवणार हेच कार्ड. नाहीतर माघात लग्न, हे बाबांनी सांगून टाकलं होतं. ते वाईट नव्हते, पण पोरीला वर्षभर नुसतं घरी बसवणं त्यांना पटत नव्हतं.

म्हणून मी रोज पोस्टमन नत्थूजींची वाट अडवायची. आणि नेमक्या ज्या दिवशी मी विहिरीवर गेले, त्या दिवशी त्यांनी कार्ड आईच्या हातात दिलं. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. ते अंगणातच उभ्यानं वाचायचं, फाडून टाकायचं, अंघोळ करायची; घरात न्यायचं नाही. तानबामामा तेव्हा महिनाभर नागपूरच्या दवाखान्यात पडून होता. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आईला अक्षरओळख नव्हती. कार्ड पाहिल्याबरोबर तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. आणि ते कुणाकडून वाचून न घेता गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलं.

“कोनाले वाचाले काऊन नाई देलं तू?” मी ओरडलेच तिच्यावर.

“वाचलं असतं तं तो मेला असता,” ती म्हणाली. “नाई वाचलं तोवरी माह्यासाठी जित्ता होता.”

तीन दिवस ती बाबांबरोबर पेरणीला जात होती, आम्हाला जेवू घालत होती आणि एकटीच भावाचं सुतक पाळत होती. मला तिची कीव यायला हवी होती, पण खरं सांगते, त्या क्षणी रागच आला. त्या दिवशी सकाळी शेण काढताना तिची नजर कार्डावर गेली. मी शब्दावरची रेघ शब्द संपला तरी पुढं ओढत नेते, ही माझी जुनी खोड. चुलीजवळ अभ्यास करताना आई नेहमी म्हणायची, “हे रेघ कुठी चालली वं, हिंगणघाटले?” तीच रेघ तिनं कार्डावर ओळखली. मामाच्या मरणाची खबर पोरीच्या हातची कशी येईल, एवढा हिशेब तिनं गोठ्यात उभ्या उभ्या केला होता.

मी कार्ड उलटं करून मोठ्यानं वाचलं. ‘एक जागा रिक्त झाली आहे. दि. ६ जुलै रोजी दुपारी बारापर्यंत मूळ कागदपत्रे व पालक यांच्यासह समक्ष हजर राहावे. न आल्यास जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.’

“आज किती तारीख?” आईनं विचारलं.

“सहा.”

बाबा दूरच्या वावरात होते. आई उठली, तोंडावर पाणी मारलं, कार्ड ओच्यात खोचलं आणि म्हणाली, “तुह्या बापाले बलावाले टाइम नाई. मीच येतो. कागदं घे.”

फाट्यापर्यंत आम्ही अक्षरशः पळालो. आईच्या अंगावर ठिगळ लावलेलं कामाचं लुगडं, पाय चिखलानं भरलेले. आम्ही बांधावर असतानाच एसटी फाट्यावरून सुटून आमच्या बाजूनं येताना दिसली. आईनं काय करावं? ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली.

“थांबव बावा! पोरीचं कॉलेज चाल्लं!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, दोन शिव्या घातल्या आणि आम्हाला वर घेतलं. हिंगणघाटला गाडी बदलली. वर्ध्याला उतरल्यावर पुन्हा पळालो. कॉलेजच्या ऑफिसात शिरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते.

टेबलामागे मधुकरराव नावाचे हेडक्लार्क होते. नाक मोठं, चष्मा त्याच्या टोकावर. “भोयर? आठ दिवस झाले कार्ड टाकून. आता येऊन राहिल्या? मी पुढच्याचं कार्ड काढतच होतो.”

त्यांच्यासमोर अर्जांचा गठ्ठा होता. प्रत्येक अर्जाला टाचणीनं कार्ड टाचलेलं. बोलता बोलता त्यांनी वरचं कार्ड धरलं आणि खस्सकन ओढलं. कार्ड हातात आलं, कोपरा टाचणीला राहिला.

आई ते पाहतच राहिली. मग तिनं पुढं होऊन त्यांचा हातच धरला.

“थांबा बाबूजी. हिचा अर्ज काढा पह्यले.”

मधुकररावांनी कुरकुरत माझा अर्ज काढला. त्याच्या माथ्यावर टाचणी होती आणि टाचणीला कागदाचा तिकोनी तुकडा. आईनं कमरेच्या ओच्यातून कार्ड काढून त्या तुकड्याला लावलं. बरोबर बसलं.

“तुमी असं तोडता,” ती म्हणाली, “अन् आमच्या गावात मानूस मरते.”

मधुकररावांनी तुकडा आणि कार्ड स्वतः जुळवून पाहिलं. ते आर्वीकडच्या खेड्यातलेच होते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मागच्या साली खेड्यातले सात पोरं आलेच नाहीत, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “आम्ही म्हटलं, गरज नसेल त्यांना.”

 ती सात जणं कोण, कुठली, आता त्यांचं काय झालं असेल, हे मला आजही मधूनच आठवतं आणि गलबलून येतं.

मग त्यांनी माझी कागदपत्रं पाहिली, रजिस्टरात नाव लिहिलं आणि शाईचा पॅड आईपुढं सरकवला. पालकाच्या जागी तिनं अंगठा उठवला, तेव्हा बारा वाजायला चार मिनिटं होती. मला हसू आवरेना. रिक्षावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी कॉलेजात आले!

“झालं. एक तारखेपासून वर्ग सुरू,” मधुकरराव म्हणाले. “फी सोमवारी आणली तरी चालेल. या आता.”

पण आई उठली नाही. तिनं तो अर्जांचा गठ्ठा आपल्याकडे ओढला.

“किती हायेत?”

“आर्ट्स-कॉमर्सच्या दुसऱ्या यादीचे तेवीस. त्यांची कार्डं आजच टपालात टाकायची आहेत.”

“तुमी लिवा. मी काढून देतो.”

काडीकचऱ्याचा कण न येऊ देता बोंडातला कापूस काढणारी तिची बोटं. एकेक टाचणी ती हळूच मागं सरकवी, कार्ड सोडवी आणि मधुकररावांच्या हातात देई. ते तारीख लिहीत. मी बाकावर बसून पाहत होते. ती कार्डांवरची एकही ओळ वाचू शकत नव्हती, पण प्रत्येकावरचं अक्षर मात्र क्षणभर निरखून बघत होती.

तेविसावं कार्ड निघालं. तिनं गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला, चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला.

“टाका आता पेटीत,” ती म्हणाली.