कोड कुणाच्या फोनला?

मायाप्पा मधे बसायला लागला, तिथनंच सगळं बिनसलं.

येळ्ळूर गावाहून बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात कामाला जाताना परशरामच्या गाडीवर मागं बसायचा मान तीन वर्षं एकट्या आदर्शचा होता. दोघं एका गल्लीतले, एकाच मशीन शॉपमधले, शेजारशेजारच्या लेथवरचे. मग चिकोडीकडचा हा मायाप्पा कंपनीत लागला आणि वडगावात खोली घेऊन राहिला. परशराम म्हणाला, "आरं, वाटंवरच हाय, घिऊ की त्याला." झालं! त्या दिवसापासून वडगाव आलं की आदर्शनं मागं सरकायचं आणि मायाप्पानं बारीक अंगाचा म्हणून मधे शिरायचं. मग उद्यमबागेपर्यंत आदर्श अर्धा सीटवर, अर्धा हवेत. आता सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एके दिवशी चहाच्या सुट्टीत आदर्शनं बघितलं, तर मायाप्पाच्या मोबाइलवर 'रणमैदान' उघडलेलं, आणि परशराम त्याच्या खांद्यावरून वाकून त्याला शिकवतोय!

'रणमैदान' म्हणजे ह्या दोघांचा जीव की प्राण. त्या खेळात जोडी लावता येते. दोघांनी रोज हजेरी लावायची. एकानं जरी आठवडाभर तोंड दाखवलं नाही, की जोडी आपोआप मोडते. दोघांतल्या कुणीही बटण दाबून मोडली, तरी मोडते. आणि मोडलेली परत मिळत नाही, नवी लावायची तर पहिल्यापासून. ह्यांची जोडी चढत चढत 'वाघजोडी' झाली होती, नावापुढं सोनेरी पंजा. शॉपमधली पोरं ह्यांना वाघजोडी म्हणूनच हाक मारायची.

ती टिकवली कशी, त्याचीही एक रीत होती. पूर्वी कंपनीच्या गेटवर कार्ड असायचं, तेव्हा एखादा मागाहून येणार असला की त्याचं कार्ड दुसरा दाबायचा. पुढं अंगठ्याचं मशीन आलं आणि ती सोय गेली, पण खेळात चालू राहिली. आदर्श पाहुण्यांकडं गेला की परशराम त्याच्या आयडीनं आत शिरून हजेरी लावायचा, आणि परशराम गेला की आदर्श. एकमेकांचे पासवर्ड दोघांनाही तोंडपाठ.

"आदर्शा, ह्याचा नेम बघ रं! लई भारी!" परशराम त्या दिवशी म्हणाला.

तीन वर्षांत आदर्शच्या नेमाला तो कधी बरा म्हणाला नव्हता. आदर्शच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी गेल्या गेल्या त्यानं पासवर्ड बदलला आणि खेळच बंद केला. बघूया, कोण विचारतंय का! परशरामनं विचारलं, नाही असं नाही. "येत न्हाईस व्हय रं खेळायला?" आदर्श म्हणाला, "डोळं दुखाल्यात." परशरामनं ते खरं मानलं, ह्याचाच आदर्शला जास्त राग आला.

आणि पाचसहा दिवसांनी मेल यायला लागले. 'तुमचा पासवर्ड बदलण्याची विनंती आली आहे. हा तुमचा कोड. विनंती तुम्ही केली नसेल तर दुर्लक्ष करा.' एक आला, दुसरा आला, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा. कोण हा रिकामटेकडा? आदर्शला कशाला विचार करायला लागतोय! मायाप्पाच! गाडीवरची जागा झाली, आता आयडी पाहिजे. सोनेरी पंजा पाहिजे लेकाला!

ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मैत्रीआक्काला त्यानं मेल दाखवला.

"मेलमधल्या लिंकवर बोट लावू नकोस," ती म्हणाली. "कोड कुणाला सांगू नकोस. आत शिरायचं तर खेळ स्वतः उघडून शीर. तुझ्या कोडाशिवाय कुणाला काय करता येत नाही. एवढा काय घामाघूम झालायस?"

"पर कोण करतंय, कळंल का आक्का?"

तिनं मेल खाली सरकवला. तळाशी बारीक अक्षरात फोनचं मॉडेल लिहिलेलं होतं. आदर्शनं ते वाचलं आणि त्याचे कान तापले. तो फोन मायाप्पाचा नव्हता. गणपतीत आदर्शनंच बेळगावात चार दुकानं फिरून पसंत करून दिलेला, परशरामचा होता.

"ओळखीचा आहे का कुणी? मग विचार की त्याला सरळ," मैत्री म्हणाली.

विचारतोय कशाला! आदर्शच्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. डोकं मायाप्पाचं, हात परशरामचा. आपली खेळातली हत्यारं, आपला पंजा, सगळं काढून त्या नव्या लाडक्याला द्यायचं! तो लेथच्या आडोशाला गेला, खेळ उघडला आणि 'जोडी मोडा'वर बोट ठेवलं. 'नक्की?' असं खेळानं विचारलं. माणसानं विचारलं असतं तर तो कदाचित थांबला असता. त्यानं 'हो' दाबलं.

जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या लिंबाखाली परशराम आणि मायाप्पा डबे सोडत होते. आदर्श जाऊन उभा राहिला.

"माझ्या आयडीत शिरतोस व्हय रं? चोरा! ह्याला द्याचा हुता व्हय पंजा?"

परशरामनं डबा खाली ठेवला. "आरं, तुझी हजेरी लावाय बघत हुतो मी! डोळं दुखतात म्हणलास. आठवडा भरत आलाय, जोडी मोडंल म्हणून ह्या मायाप्पानंच आठवण केली. जुना पासवर्ड चालंना, म्हणून 'विसरला'वर दाबलं. कोड काय येतच न्हाय. लई येळा दाबलं, आलाच न्हाय."

"कोड माझ्या मेलवर येतोय येड्या!"

"तुझ्या?" परशरामचा चेहरा पडला. "मला वाटलं जो दाबतोय त्याच्या फोनला येतोय."

त्यानं हात पुसले, मोबाइल काढला, खेळ उघडला. नावापुढचा पंजा गेला होता. तो शिव्या देईल, गचांडी धरेल, असं आदर्शला वाटलं. तेही बरं झालं असतं. परशरामनं मोबाइल खिशात ठेवला आणि भाकरी मोडली.  संध्याकाळी आदर्श बसनं घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मेल आला नाही. आदर्शनं सकाळपासून कितीदा तरी उघडून बघितलं. काल ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्या मेलची आज वाट बघत होता गडी! अलीकडं परशराम मान खाली घालून कामात, पलीकडून मायाप्पा त्याला काहीतरी सांगतोय आणि तो चक्क हसतोय.   शेवटी त्यानं खेळ उघडला, परशरामचा आयडी टाकला आणि 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं.

शेजारच्या लेथवर परशरामचा खिसा थरथरला. त्यानं बघितलं आणि मोबाइल परत ठेवून दिला. आदर्शनं पुन्हा दाबलं. आणि पुन्हा.

जेवणाची घंटा झाली तसा परशराम त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आदर्शा, दाबू नगोस. कोड माझ्याच फोनला येतोय, आता कळलंय मला. काय पायजे ते तोंडानं माग."

एवढं बोलून तो लिंबाकडं गेला. आदर्श डबा हातात घेऊन मागोमाग गेला.  परशराम आणि मायाप्पा डबे उघडून बसलेले. सावलीचा तुकडा तेवढाच.

"तुमच्यात बसू का?" त्यानं विचारलं. एकट्या परशरामला 'तुझ्यात' म्हणणार होता, ते गिळलं.

परशराम जागचा हलला नाही. मायाप्पा सरकला.