तीन मिनिटं

अफशीनने भोंग्याच्या तोंडात बोट घातलं आणि आत कोंबलेला बोळा ओढून काढला. हळदीने पिवळा पडलेला, जुन्या धोतराचा तुकडा.

"हे कुणी केलं?"

हिरासिंग वर पत्र्याकडे बघत राहिला. त्याची बायको मिराबाई ट्रे पुसता पुसता हसली. "आमच्या घरात इंजिनियर हाय ना!"

"मंग काय करू, पोरी? हळद उलटायला दार उघडलं की बोंबलतंय. पळत यावं तर काहीच न्हाई. दिवसातून चाळीस बारी!" हिरासिंग करवादला.

वसमतच्या या शेडमध्ये उकडलेली हळद गरम हवेवर वाळवतात. आतली हवा पंचावन्न अंशांखाली गेली किंवा फार तापली की भोंगा वाजावा, एवढंच त्या यंत्राचं काम. मागच्या आठवड्यात बर्नर खरोखरच विझला. भोंगा बोळ्यामागे गुदमरून वाजत राहिला आणि चार क्विंटल हळद चिकट होऊन गेली. पुन्हा असं झालं तर हिरासिंगला घरी बसवीन, असं मालकाने बजावलं होतं. यंत्र बसवणाऱ्या कंपनीने म्हणूनच अफशीनला धाडलं होतं.

ती पोत्यावर बसली. दार उघडलं, यंत्रावरचा आकडा घसरला. तिने घड्याळ बघितलं. पंचावन्नच्या वर यायला पंच्याण्णव सेकंद. मग एकशे दहा. मिराबाईने एकटीने ट्रे उलटले तेव्हा एकशे चाळीस. बर्नर विझला तरी हळद बिघडायला कित्येक तास लागतात. तिने यंत्रात एकशे ऐंशी भरले.

"आता आकडा सलग तीन मिनिटं खाली राहिला, तरच वाजेल. मधेच वर आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जास्त तापलं तर मात्र लगेच."

"म्हंजे मुद्दाम उशिरा वाजवायचं?" हिरासिंगला पटेना. "हे बराबर न्हाई वाटत."

"बघा तर, काका."

दुपारपर्यंत दार अकरा वेळा उघडलं. पहिल्या दोन वेळी हिरासिंगचा हात आपोआप बोळ्याकडे गेला. भोंगा गप्पच. तिसऱ्या वेळी मिराबाईने तो बोळा गरम ट्रे धरायला घेतला.

"एवढी शांतता! त्यात तुमचं घोरणं तेवढं ऐकू येईल," ती म्हणाली.

चहाच्या वेळी अफशीन कुणाला न सांगता मागे बर्नरपाशी गेली आणि गॅसची चावी बंद केली. मागूनही यंत्रावरचा आकडा दिसत होता. साठ. सत्तावन्न. चोपन्न. तिथून ती मोजू लागली. पुढे हिरासिंग हट्टा गावच्या बाजाराचं काहीतरी सांगत होता. एकशे सत्तरला तिने पुन्हा चावीवर हात ठेवला.

भोंगा कडाडला.

कप आदळल्याचा आवाज आला. भोंगा पुढच्या भिंतीवर होता, बर्नर मागे. हिरासिंग धापा टाकत मागे आला आणि चावीवर हात ठेवून उभ्या असलेल्या अफशीनला बघून थबकला.

"तू हायेस व्हय!" त्याने कपाळ पुसलं. "सर बाजूला. पेटवू दे मला."